घरचं जेवण, पण कुणाच्या घरचं?

आपल्या भागातला माणूस शटलने पुण्याला गेला, लक्ष्मी रोडची खरेदी उरकली, की दुपारी प्रश्न येतो: जेवायचं कुठं? जाणकार सरळ पूना गेस्ट हाऊस गाठतात. थालीपीठ, साबुदाणा वडा, घरी आई करते तशी आमटी. 1935 पासून ही जागा सुरू आहे. मधे किती हॉटेलं आली आणि गेली!

गंमत अशी, की सुरू करणारा माणूस हॉटेलवाला नव्हताच. नानासाहेब सरपोतदार हे मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक. 1925 साली त्यांनी 'महाराची पोर' हा मूकपट काढला. शंभर वर्षांपूर्वी, पुण्यात, अस्पृश्यतेवर! 1931 ला 'आलम आरा' आला, पडदा बोलू लागला आणि मूकपटांचा धंदा बसला. चार वर्षांनी नानासाहेबांचं नाव जेवणाच्या धंद्यात दिसतं. 1940 ला ते गेले. पुढे मुलगा चारुदत्त, म्हणजे नाटक-सिनेमावाल्यांचे चारुकाका, यांनी ही जागा कलावंतांचं हक्काचं घर केली.

आज आपल्याला यात विशेष वाटत नाही. पैसे दिले, जेवलो, निघालो. पण बाहेर खाणं ही त्या काळी साधी बाब नव्हती. 1890 साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे यांच्यासारखी मंडळी चहाच्या कार्यक्रमाला गेली, त्यावरून केवढं ग्रामण्य झालं. प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. नुसत्या चहावरून! खानावळीसुद्धा जातीजातीच्या. स्टेशनवर हिंदू पाणी वेगळं, मुसलमान पाणी वेगळं.

आणि इथं आपलं केडगाव आठवतं. पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या शारदा सदनात ब्राह्मण विधवांना सोवळं पाळायची मोकळीक ठेवली होती. तरीही गावानं त्यांना सोडलं नाहीच. मग 1896-97 चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायका त्यांनी केडगावला आणल्या, मुक्ती सदन उभं राहिलं. जात विचारत बसायला भुकेला सवड नसते. मुक्तीचा इतिहास आपण धर्मांतराच्या वादातच वाचतो. तिथल्या चुलीचा इतिहास कुणी लिहायला घेत नाही, हे मला खटकतं.

पुढे 1950 साली घटनेच्या 15 व्या कलमात उपाहारगृहांचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आला. जातीवरून, धर्मावरून कुणाला दारात अडवता येणार नाही. हॉटेलचं नाव घटनेत घालावं लागलं, यावरूनच काय ते समजा.

दार उघडलं, ताट मात्र तेवढं बदललं नाही. 'घरगुती महाराष्ट्रीय जेवण' अशी पाटी पुण्यात दिसली की आत वरण-भात, अळू, कोथिंबीर वडी. उत्तमच असतं, मी स्वतः आवडीनं खातो. पण सुकट, खांडोळी, मासवडीचा रस्सा, बाजरीची भाकरी हेही कुणाच्या तरी घरचंच आहे ना? ते मिळतं आपल्या हायवेला, 'गावरान' नावाच्या वेगळ्या पाटीखाली आणि दुप्पट भावात. आता शहरात 'व्हेगन' म्हणून महागडी ताटं निघालीत. ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा यात दूध-तूप कधी होतं?

मुंबईच्या गिरणगावात निराळं घडलं. आपापल्या गावच्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 ला एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गिरण्या गेल्या, पण त्या बायकांची नोंद राहिली.

आपल्याकडची नोंद कुठं आहे? केडगाव स्टेशन, चौफुला, दौंडच्या रेल्वे वस्तीत जुन्या खानावळी कुणी चालवल्या, तिथं कोण जेवायचं, कुणाला बाहेर बसवायचे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि मला कळवा. जुनी पाटी किंवा दरपत्रक सापडलं तर त्याचा फोटोही पाठवा.