पानांच्या काढ्यातली चांदी

झाडपाल्याच्या अर्कातून धातूचे नॅनोकण बनवण्याच्या पद्धतीला जेमतेम पाव शतकाचा इतिहास आहे, आणि तिचे सुरुवातीचे बरेच प्रयोग पुण्यात झाले. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. शंभर नॅनोमीटरपेक्षा लहान कण तो नॅनोकण. इतके बारीक झालेले सोने पाण्यात पिवळे न दिसता तांबडे दिसते, आणि चांदी पिवळसर तपकिरी.

असे तांबडे सोने मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तयार केले होते. १९५१ मध्ये जॉन टर्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायट्रेट वापरून सोन्याचे एकसारख्या आकाराचे कण मिळवले. सायट्रेट हा लिंबाच्या आंबटपणाशी नाते सांगणारा क्षार, म्हणजे वनस्पतीतला पदार्थ या कामात तेव्हाच शिरला होता. पुढे मात्र प्रयोगशाळांनी सोडियम बोरोहायड्राइड आणि हायड्रॅझीन यांसारखी जहाल रसायने जवळ केली. आपल्याकडे सुवर्णभस्माचा दाखला देऊन ही विद्या प्राचीन ठरवण्याचा मोह अनेकांना होतो. वनस्पतींच्या रसाची भावना आणि अग्नीची पुटे देऊन भस्म करणारे वैद्य धातू अतिसूक्ष्म करत होते, हे खरे. पण कणांचा आकार मोजण्याचे आणि हवा तसा घडवण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते, आणि आजच्या पद्धतीचा सगळा भर नेमका त्यावरच आहे.

२००२ मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या एल पासो शाखेत गार्देआ-टोरेसदे यांच्या गटाने जिवंत लसूणघासाच्या रोपांत सोन्याचे नॅनोकण तयार झाल्याचे दाखवले. त्याच सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अब्सार अहमद आणि त्यांचे सहकारी बुरशीकडून हेच काम करून घेत होते. त्यांनी वापरलेली एक बुरशी फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम होती. हरभऱ्यावर मर रोग आणणारी बुरशी याच जातीची. बुरशी वाढवायला मात्र वेळ लागतो आणि निर्जंतुक जागा लागते. म्हणून हा गट पानांकडे वळला. २००३ मध्ये जिरेनियम, २००४ मध्ये कडुनिंब आणि गवती चहा, नंतर चिंचेची पाने, आवळा आणि कोरफड अशी एकेक वनस्पती त्यांनी हाताळली.

कृती स्वयंपाकघरात शोभावी अशी आहे. पाने स्वच्छ धुवून बारीक चिरतात, ऊर्ध्वपातित पाण्यात काही मिनिटे उकळतात आणि काढा गाळून घेतात. लिटरभर पाण्यात साधारण ०.१७ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट विरघळवून त्यात हा काढा घातला की काही वेळाने द्रावण पिवळे, मग तपकिरी होते. काढ्यातल्या शर्करा, फ्लेव्होनॉइड आणि टर्पिनॉइड चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, त्यामुळे धातूचे अणू सुटे होऊन एकत्र येतात. काढ्यातलेच काही रेणू कणांभोवती बसतात आणि त्यांचा गोळा होऊ देत नाहीत. गवती चहाने तर सोन्याचे कण गोल न होता चपटे त्रिकोणी झाले. हे त्रिकोण अवरक्त किरण शोषतात, म्हणून उष्णता अडवणाऱ्या काचेच्या लेपासाठी त्यांचा विचार झाला. गवती चहावरचे हे काम २००४ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यानंतर देशभर या कामाचा पूर आला. साहित्य स्वस्त आणि कृती सोपी, त्यामुळे दिसेल त्या झाडाचा काढा करून शोधनिबंध लिहिला जाऊ लागला. त्यातल्या बऱ्याच निबंधांत झाडाचे नाव सोडले तर नवे फारसे काही नसते. झाडांचा तर कुठेच तोटा नाही. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरच्या परिसरातलेच पाहिले, तरी कडुनिंब, तुळस, टॅनिनने भरलेली डाळिंबाची साल असा भरपूर कच्चा माल हाताशी आहे.

वेळापूर हे अर्धनारीनटेश्वराच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले, ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव. पंढरपूरच्या वारीत एके काळी पटकीच्या साथी येत, त्यामुळे या वाटेवर शुद्ध पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. चांदीच्या नॅनोकणांचा घराघरांत पोचलेला उपयोगही पाणी शुद्ध करण्याचाच आहे. टाटा समूहाच्या पुण्यातल्या संशोधकांनी आधी तांदळाच्या तुसाची राख वापरून ‘सुजल’ हे गाळणयंत्र केले होते. त्याच राखेवर चांदीचे नॅनोकण बसवून डिसेंबर २००९ मध्ये ‘टाटा स्वच्छ’ बाजारात आले. ते विजेशिवाय चाले आणि किंमत हजार रुपयांच्या आत होती. मुरली शास्त्री तोवर टाटा केमिकल्समध्ये गेले होते. या यंत्रात वनस्पतीचा वाटा राखेपुरता होता.

शेतीतही धातूंच्या नॅनोकणांकडून मोठी आशा आहे. डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूजन्य रोग सोलापूरच्या बागायतदारांना चांगला ठाऊक आहे. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी तेल्याच्या जिवाणूवर तांब्याच्या नॅनोकणांचा प्रयोग केला आणि तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पण पानांच्या काढ्यापासून कारखान्यापर्यंतची वाट अवघड आहे. पावसाळ्यातले पान आणि उन्हाळ्यातले पान यांतली रसायने सारखी नसतात, त्यामुळे कणांचा आकार दर खेपेला बदलू शकतो. शिवाय जी चांदी रोगाचे जिवाणू मारते, ती मातीतल्या उपयोगी जिवाणूंनाही सोडत नाही. शेतीतल्या नॅनो उत्पादनांची पारख कशी करावी, याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये जाहीर केली. पुढच्याच वर्षी इफकोची अर्ध्या लिटरची नॅनो युरियाची बाटली आली आणि ऊसपट्ट्यातही ‘नॅनो’ हा शब्द रुळला. तो युरिया मात्र कुठल्याही पानाच्या काढ्यातून तयार होत नाही.