चूल विझलेल्या पेशी

सेप्सिस म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटणं, असं आम्ही डॉक्टर नातेवाइकांना सर्रास सांगतो. कोविडनंतर तर ‘सायटोकाइनचं’, म्हणजे प्रतिकारपेशी सोडतात त्या संदेशक प्रथिनांचं, ‘वादळ’ घराघरांत पोचलं. या पूर्वपक्षाला आधार आहे. जंतूंपेक्षा त्यांच्याविरुद्धचं आपलं शस्त्रागारच आपल्याला जास्त धोक्याचं, असं अमेरिकन डॉक्टर-लेखक लुइस थॉमस यांनी १९७२ मध्येच लिहिलं होतं. पहिल्या दिवशीचा फणफणता ताप आणि कोसळता रक्तदाब पाहिला की ते पटतंही.

पण मग वादळ शमवणारी औषधं का हरली? १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टीएनएफ हे सायटोकाइन टिपून घेणाऱ्या प्रथिनाचा डोस वाढवला, तसे मृत्यू वाढले. दाह दाबणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोनने रक्तदाब लवकर सावरतो हे मान्य. पण त्यावरून रोगाचं मूळ अतिरेकातच आहे असं ठरत नाही.

नवव्या दिवशी काय होतं ते पाहा. ताप उतरलेला असतो, नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, आता उतार पडला ना?” आणि त्याच संध्याकाळी रक्ताच्या कल्चरमध्ये कॅन्डिडा उगवल्याचा फोन येतो. एरवी शरीर ज्या बुरशीला सहज आवरतं, तिला अडवायला आता कुणी नाही.

२०११ मध्ये अमेरिकेत सेप्सिसने दगावलेल्या ४० जणांच्या प्लीहा मृत्यूनंतर लगोलग तपासल्या गेल्या. त्यांतल्या पेशींना डिवचलं, तर सायटोकाइन जेमतेम निघाले. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये यामागचं एक कारण दाखवलं. निरोगी माणसाची पांढरी पेशी जंतूची चाहूल लागताच साखर झपाट्याने जाळू लागते, परीक्षानळीत त्यातून बनणारं लॅक्टेट चढतं. गंभीर रुग्णांच्या पेशींत हे जाळणं मंदावलेलं, आणि मायटोकॉन्ड्रियाचं काम सुद्धा. म्हणजे चूलच विझलेली. ब्राझीलमधल्या अभ्यासातही सेप्टिक शॉकच्या रुग्णांच्या पेशींसमोर ऑक्सिजन होता, पण तो वापरून ऊर्जा करण्याची त्यांची ताकद खालावली होती.

यावर एक विचारी आक्षेप येतो: मायटोकॉन्ड्रियाचं मंदावणं ही पेशीने जीव वाचवायला घेतलेली झोप असेल. मूत्रपिंडापुरतं मी ते मानायला तयार आहे. त्याने काही दिवस काम थांबवलं तर डायलिसिसवर निभावता येतं. मोनोसाइट या पांढऱ्या पेशीचं काम मात्र कुठल्या यंत्राकडून उसनं आणायचं?

दुसरा आक्षेप अधिक अवघड. स्वीडनमधल्या एका गटाला सेप्सिसच्या रुग्णांच्या रक्तपेशींत मायटोकॉन्ड्रियाचा श्वसनवेग उलट वाढलेला आढळला. तो निष्कर्ष मी झटकत नाही. कुठल्या पेशी, आजाराचा कितवा दिवस, किती गंभीर रुग्ण, यावर उत्तर बदलणारच. माझं भांडण नेमकं याच्याशी आहे, की दिवस आणि रुग्ण न पाहता आपण सगळ्यांवर ‘वादळ’ हा एकच शिक्का मारतो. मोनोसाइटवरचं एचएलए-डीआर हे प्रथिन मोजून पेशी थकली आहे का, याचा अंदाज घेता येतो. तो न घेताच तिला आणखी दाबायला निघणं मला रुग्णावर अन्याय वाटतो.

नायमेखनच्या रुग्णांपैकी जे बरे झाले, त्यांच्या पेशींचं चयापचय पूर्ववत झालं. थकलेल्या पेशींचं चयापचय प्रतिकारपेशींना चेतवणाऱ्या इंटरफेरॉन-गॅमाने अंशतः सावरलं.