देवीनिर्मूलन आणि दोन वैरी राष्ट्रें

१९५८ सालीं अमेरिकेंतील मिनिआपोलिस येथें जागतिक आरोग्य परिषद भरली असतां, देवीचा रोग पृथ्वीवरून नाहींसा करावा अशी सूचना सोव्हिएत रशियाचे व्हिक्टर झ्दानोव्ह यांनीं मांडली. त्या दोन राष्ट्रांचें वैर तेव्हां किती विकोपास गेलें होतें, हें वाचकांस सांगावयास नकोच. पुढील वर्षीं ठराव झाला. पण ठरावांनीं रोग हटत नसतात, व कित्येक वर्षें पैशाचा दुष्काळच होता. १९६७ सालीं मोहिमेनें खरा जोर धरला. तिचे मुख्य हेंडर्सन हे अमेरिकन. आणि उन्हांतहि टिकणारी सुकविलेली लस कोट्यवधि मात्रांनीं दिली ती रशियानें! आमच्या मतें या सख्याचें मर्म अशा देवघेवींतच शोधावें.

१९७४ सालीं बिहारांत भयंकर सांथ उसळली. सरसकट सर्वांच्या देवी काढीत बसण्यापेक्षां, रोगी हुडकून त्याच्या भोंवतालच्यांस टोंचावें, हा मार्ग तेथें फळास आला. रोग्याचें चित्र दाखवीत दारोदार हिंडले ते आपलेच आरोग्यसेवक. त्यांचीं नांवें फारशीं कोणी घेत नाहीं, हें आम्हांस खटकतें.

१९८० सालीं जग देवीमुक्त झाल्याचें जाहीर झालें. त्या रोगाचे विषाणू आज अधिकृतपणें दोनच ठिकाणीं जपून ठेविले आहेत: अमेरिकेंत अटलांटा येथें, आणि रशियांत कोल्त्सोवो येथें.