आत्याबाईचा एक एकर

दिवाळीत गावी गेलो तेव्हा पेटीतले जुने कागद स्कॅन करायला काढले. (घरात एक सॉफ्टवेअरवाला असला की ही कामं आपसूक त्याच्याकडे येतात.) त्यात १९७८ सालचं आत्याबाईचं हक्कसोडपत्र सापडलं. आजोबा गेल्यावर वडिलोपार्जित चार एकर धानाच्या बांध्यांवरचा हक्क तिनं राजीखुशीनं सोडला, असं त्यात लिहिलंय. खाली अंगठा.

पण हक्क होता तरी किती? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडिलोपार्जित जमिनीत आधी बाप आणि मुलगा यांचे अर्धे-अर्धे वाटे धरायचे, कारण मुलाला जन्मानंच हक्क. मग बापाच्या अर्ध्यात मुलगा-मुलगी समान. आजी आधीच गेली होती आणि भावंडं दोनच. म्हणजे बाबांना तीन एकर, आत्याबाईला एक. तोही तिनं सोडला.

गंमत म्हणजे मूळ मसुद्यात असं नव्हतं. राव समितीनं मुलीला मुलाच्या निम्मा वाटा सुचवला होता. डॉ. आंबेडकर कायदामंत्री असताना तो हिंदू कोड बिलात मुलाइतका झाला, आणि मुलाच्या त्या जन्मसिद्ध हक्काची व्यवस्थाच काढून टाकायचं ठरलं. आपल्या हिशोबात दोन-दोन एकर! घटनेच्या १४ आणि १५ व्या कलमांनी समानता दिली होतीच, पण ती घराच्या उंबऱ्याच्या आत आणायचं काम ह्या बिलाचं होतं. संसदेत जेमतेम चार कलमं मंजूर झाली आणि बिल गुंडाळलं गेलं. सप्टेंबर १९५१ मध्ये आंबेडकरांनी राजीनामा दिला. कारणं अनेक होती, त्यातलं हे एक मोठं.

ही मागणी काही फक्त दिल्लीतल्या वकिलांची नव्हती बरं का. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित महिलांची परिषद भरली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. तिथं बायकांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाला बंदी मागितली आणि गिरण्या, बिडी कारखान्यांतल्या बायकांची परिस्थिती सुधारा असंही ठणकावलं. आमच्या भंडाऱ्याकडे घरोघरी बिड्या वळल्या जायच्या. तेव्हा हा ठराव आमच्याच आज्या-पणज्यांचा म्हणायला हरकत नाही.

आणि आता भंडारा. १९५४ च्या पोटनिवडणुकीत आंबेडकर इथून लोकसभेला उभे राहिले. जिल्हा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात. मतदारसंघ दोन जागांचा: सर्वसाधारण जागा अशोक मेहतांनी जिंकली, राखीव जागेवर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी आंबेडकरांना हरवलं. हिंदू कोड बिलामुळे हरले असं मी म्हणणार नाही, प्रचारात त्यांचा रोख नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावरही होता. पण पुढच्याच दोन वर्षांत बिलाचे तुकडे करून चार कायदे झाले, तेव्हा मुलीचा तो जन्मसिद्ध वाटा मात्र 'पुढच्या रिलीज'मध्ये ढकलला गेला.

हा रिलीज यायला किती वर्षं? महाराष्ट्रात २२ जून १९९४, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळून. देशभर ९ सप्टेंबर २००५. बाप त्या दिवशी हयात हवा का, हा घोळ सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला 'नको' म्हणून मिटवला.

असो. मी हे सगळं वाचायला बसलो त्याचं कारण वेगळं. बाबा गेल्यावर वारसान फेरफार बाकी होता. "बहिणीची सही घेऊन टाक, सगळेच घेतात," असं नातलगांनी सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, मी हक्कसोडपत्राचा मसुदा टाईपही केला होता. ताईनं वाचला नाही. नुसतं विचारलं, "कुठं करायची सही?" लॅपटॉपवर एका खिडकीत तो मसुदा, दुसरीत आत्याबाईचा अंगठा.

फाईल डिलीट केली. तलाठ्याकडे अर्ज दिला तो दोघांच्या नावांचा. संध्याकाळी आत्याबाईला सांगितलं. ती पान लावत होती. म्हणाली, "बरं केलंस. मंग आता धानाचा बोनस कोणाच्या खात्यात येईन?"

ते अजून आम्ही ठरवलेलं नाही.