परोपकाराचा पैसा आणि जगाचा विकास : सोलापूरची दोन उदाहरणे

सोलापूर : संकटग्रस्त वा गरीब देशांना मिळणारी मदत म्हटली, की सरकारे आणि संयुक्त राष्ट्रसंघ डोळ्यांसमोर येतात. तथापि, या मदतीचा एक प्रवाह खासगी देणग्यांचाही आहे. त्याची दोन भिन्न रूपे सोलापूरने पाहिली आहेत.

लोकवर्गणीतून चीनला
जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमधून भारतीय नेत्यांकडे डॉक्टरांची मागणी आली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला निधीसाठी आवाहन केले आणि १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक रवाना झाले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यांपैकी एक. पुढे ते तेथील बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२व्या वर्षी चीनमध्येच त्यांचे निधन झाले.

प्रतिष्ठानचे पारितोषिक
माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी 'ग्लोबल टीचर प्राइज' जाहीर झाले. मूळचे केरळचे, दुबईस्थित शिक्षण उद्योजक सनी वर्की यांच्या प्रतिष्ठानचे हे दहा लाख डॉलरचे पारितोषिक. डिसले यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. दात्याचा पैसा अशा रीतीने परितेवाडीमार्गे अन्य देशांत पोहोचला.

बळ आणि मर्यादा
खासगी पैसा सरकारी मंजुरीसाठी थांबत नाही. परतंत्र देशही त्यामुळे दुसऱ्याला मदत करू शकला. मात्र कोणाला द्यायचे आणि कधी थांबायचे, हे दाताच ठरवतो. लोकवर्गणीत तो निर्णय अनेकांचा असतो, प्रतिष्ठानात मोजक्यांचा. शिवाय काम टिकते ते सार्वजनिक व्यवस्थेमुळे. डिसले यांची शाळा जिल्हा परिषदेची होती आणि पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडचा त्यांचा प्रयोग राज्यभर गेला तो सरकारी पुस्तकांतून.

हा प्रश्न आज अधिक गंभीर आहे. अमेरिकी सरकारच्या 'यूएसएड' या मदतसंस्थेचे कामकाज १ जुलै २०२५ रोजी थांबले. गेट्स फाउंडेशनने २०४५ पर्यंत सुमारे २०० अब्ज डॉलर खर्चून काम आटोपण्याचे जाहीर केले आहे. दाते येतील आणि जातीलही. त्यांनी उभारलेले काम पुढे चालवणारी शाळा आणि रुग्णालय मात्र त्या त्या देशालाच सांभाळावे लागेल.