डेन्मार्कचे मध्ययुगीन राजे : इतिहासात आणि नित्याच्या बोलण्यात

डेन्मार्क हा उत्तर युरोपातील एक लहानसा देश. दहाव्या ते तेराव्या शतकांत मात्र त्याच्या राजांचा अंमल कधी नॉर्वेवर, कधी इंग्लंडवर, तर कधी बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत पोहोचला होता. त्यांच्यापैकी काहींची नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. विशेष असे की, नाव घेणाऱ्यास राजा ठाऊक नसतो. आणि ज्या श्रद्धेमुळे तो राजा ख्रिस्तसभेच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला, ती तर त्या नावातून पार गळून गेलेली असते. अशा काही राजांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

पहिले नाव आपल्यापैकी पुष्कळांच्या खिशातच आहे. मोबाइलमधील ‘ब्लूटूथ’ या शब्दाचा सरळ अर्थ ‘निळा दात’. हे सुमारे इ. स. 958 ते 986 या काळात राज्य करणाऱ्या राजा हॅराल्डचे टोपणनाव होय. ते प्रथम आढळते, ते राजाच्या मृत्यूनंतर दीडशे वर्षांनी लिहिलेल्या रॉसकिल्ड येथील बखरीत. त्याचा एखादा दात किडून काळानिळा पडला असावा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. 1997 साली इंटेल कंपनीतील अभियंता जिम कार्डाक याने, निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे बिनतारी जोडणाऱ्या नव्या तंत्रास हे नाव सुचविले. हॅराल्डने विखुरलेले डॅनिश लोक एका छत्राखाली आणले, तसे हे तंत्र यंत्रांना एकत्र आणील, ही त्यामागील कल्पना. नाव तात्पुरते होते, परंतु तेच कायम झाले. मोबाइलच्या पडद्यावर दिसणारी ती निळी खूणही प्राचीन रून लिपीतील ‘ह’ आणि ‘ब’ ही अक्षरे एकमेकांत गुंफून केलेली आहे.

हॅराल्डला स्वतःला जे कार्य मोठे वाटत होते, ते त्याने दगडावर कोरून ठेवले आहे. जेलिंग या गावी त्याने आपले पिता गोर्म व माता थायरा यांच्या स्मरणार्थ शिला उभारली. संपूर्ण डेन्मार्क व नॉर्वे आपण जिंकले आणि डॅनिश लोकांना ख्रिस्ती केले, असे तीवर त्याने नोंदविले आहे. शिलेच्या एका बाजूस हात पसरलेल्या प्रभू ख्रिस्ताची आकृती आहे. तिच्यामागे क्रूसाचे लाकूड नसून तिच्याभोवती वेलींसारखे पट्टे गुंडाळलेले आहेत. डॅनिश लोक या शिलेस कौतुकाने ‘डेन्मार्कचा बाप्तिस्म्याचा दाखला’ म्हणतात. आपल्या धर्मग्रामाच्या कचेरीतून असा दाखला काढून आणलेल्या कोणालाही ही उपमा चटकन समजेल. 1994 साली युनेस्कोने जेलिंगला जागतिक वारशात स्थान दिले.

हॅराल्डच्या धर्मांतराची कथा विडुकिंड या सॅक्सन मठवासीयाने लिहून ठेवली आहे. ख्रिस्त हा देव खरा, परंतु आमचे देव त्याहून थोर, असा वाद मेजवानीत निघाला. तेव्हा पोप्पो नामक धर्मगुरूने तापलेले लोखंड हातात धरले आणि त्याचा हात अभंग राहिला. ते पाहून राजाने केवळ ख्रिस्ताची उपासना करण्याचे ठरविले. दक्षिण सीमेवरील बलाढ्य जर्मन सम्राटाचे दडपणही या निर्णयामागे असणार, हे आम्हांस नाकारावेसे वाटत नाही. श्रद्धा आणि राजकारण त्या काळी एकाच घरात नांदत होते.

दुसरे नाव हॅराल्डचा नातू क्नूट याचे. इंग्रजीत त्याला कॅन्यूट म्हणतात. 1016 साली तो इंग्लंडचा, 1018 च्या सुमारास डेन्मार्कचा आणि 1028 साली नॉर्वेचा राजा झाला. इंग्रजी वृत्तपत्रांत एखाद्या पुढाऱ्याला ‘कॅन्यूट’ म्हटले, की काळाच्या प्रवाहाला ‘थांब’ म्हणणारा हट्टी, गर्विष्ठ मनुष्य, असा अर्थ होतो. समुद्राच्या लाटांना मागे फिरण्याचा हुकूम देणारा मूर्ख राजा, एवढेच त्याच्याविषयी लोकांना ठाऊक असते.

मूळ कथा नेमकी याच्या उलट आहे. बाराव्या शतकात हेन्री ऑफ हंटिंग्डन या धर्माधिकाऱ्याने ती लिहिली. वैभवाच्या शिखरावर असताना क्नूटने समुद्रकिनारी आपले आसन मांडविले आणि भरतीच्या पाण्याला पुढे न येण्याची आज्ञा केली. पाणी अर्थातच आले व राजाचे पाय भिजले. तेव्हा तो मागे सरून म्हणाला की, राजांची सत्ता पोकळ आहे; आकाश, पृथ्वी व सागर ज्याची आज्ञा पाळतात, तोच एक राजा या नावास पात्र आहे. त्यानंतर त्याने सोन्याचा मुकुट पुन्हा कधी धारण केला नाही. तो क्रूसावरील प्रभूच्या मूर्तीवर चढविला. खुशामत करणारे दरबारी या गोष्टीत नंतरच्या लेखकांनी घातले. समकालीन साधनांत ही घटना आढळत नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु कथा खरी असो वा रचलेली, ती नम्रतेची कथा आहे. बोलीने तिची अहंकाराची कथा केली, हा त्या राजावर अन्याय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अर्थात क्नूट काही प्रारंभापासून सात्त्विक नव्हता. 1014 साली इंग्लंड सोडताना त्याने ओलिसांचे हात, कान व नाक कापून त्यांना किनाऱ्यावर उतरविले होते. कँटरबरीचे आर्चबिशप आल्फेज यांचा 1012 साली डॅनिश सैनिकांनीच वध केला होता. पुढे 1023 साली याच क्नूटने त्यांचे पवित्र अवशेष लंडनहून कँटरबरीस सन्मानाने नेऊ दिले. 1027 साली तो रोमला गेला आणि ईस्टरच्या दिवशी सम्राट कॉनराड दुसरा याच्या राज्याभिषेकास उपस्थित राहिला. तेथून त्याने इंग्लंडच्या प्रजेला लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. रोमच्या वाटेवरील यात्रेकरूंचे जकातीचे ओझे आपण कमी करवून घेतले, असे तो त्यात कळवितो. आपल्यासाठी कोणाही अधिकाऱ्याने अन्यायाने पैसा गोळा करू नये, अशी ताकीदही देतो. 1035 साली तो मरण पावला व विंचेस्टर येथे त्याचे दफन झाले.

त्याच्या बहिणीचा नातू म्हणजे संत क्नूट, डेन्मार्कचा राजा चौथा क्नूट. त्याने ख्रिस्तसभेला भरभरून देणग्या दिल्या, परंतु कर व दंड यांच्या वसुलीने शेतकरी चिडले. 10 जुलै 1086 रोजी ओडेन्स येथील संत आल्बनच्या मंदिरात वेदीपुढे बंडखोरांनी त्याला व त्याचा भाऊ बेनेडिक्ट याला ठार केले. त्यानंतर गादीवर आलेल्या भावाच्या, ओलुफच्या, कारकिर्दीत दुष्काळ पडला. लोकांनी त्या राजाचे नावच ‘ओलुफ भूक’ असे ठेवले आणि हत्येचे हे फळ आहे, असे ते म्हणू लागले. 1101 साली क्नूटला संत म्हणून मान्यता मिळाली. त्याचा पुत्र, फ्लांडर्सचा सरदार चार्ल्स, हाही 1127 साली ब्रूज येथे मंदिरात प्रार्थना करीत असतानाच मारला गेला. 1882 साली त्याला धन्यवादित म्हणून मान्यता मिळाली. 1536 साली डेन्मार्कने लूथरपंथ स्वीकारला, तरी ओडेन्सच्या कॅथेड्रलच्या तळघरात संत क्नूटच्या अस्थी आजही आहेत.

याच घराण्यात आणखी एक संत क्नूट झाला. तो राजा नव्हता. सरदार होता, ‘लावार्ड’ या पदवीने ओळखला जाणारा. 7 जानेवारी 1131 रोजी त्याच्याच चुलतभावाने त्याचा खून केला. स्वीडनमध्ये त्याचा दिवस पुढे 13 जानेवारीस गेला. त्या दिवशी मुले नाताळच्या झाडावरील खाऊ लुटतात, झाडाभोवती नाचतात आणि झाड घराबाहेर टाकतात. क्नूट आला की नाताळ संपला, असे तेथे म्हणतात. फिनलंडमध्येही हाच दिवस ‘नूट्टी’ या नावाने पाळतात.

या क्नूटचा नातू राजा दुसरा वाल्डेमार. 15 जून 1219 रोजी एस्टोनियातील लढाईत लाल रंगावर पांढरा क्रूस असलेला ध्वज आकाशातून पडला आणि डॅनिश सैन्याला जय मिळाला, अशी दंतकथा आहे. ती लिहिली गेली सोळाव्या शतकात. ‘डानेब्रो’ हे त्या ध्वजाचे नाव डेन्मार्कमध्ये लहान मुलांनाही पाठ असते. वाढदिवस आला की तो अंगणात उभारतात, आणि कागदाचे छोटे डानेब्रो केकवर खोवतात.