इंधन-इंजेक्टरच्या चालक परिपथांची वाटचाल : वर्धित विद्युतदाब आणि प्रवाहमापन

प्रस्तावना

मोटारगाडीच्या इंधनपुरवठ्याचा इतिहास सामान्यतः दोन अंगांनी सांगितला जातो. एक अंग यांत्रिक, म्हणजे पंप, नोझल आणि दाब यांचे. दुसरे संगणकीय, म्हणजे मायक्रोप्रोसेसर आला आणि कार्ब्युरेटर गेला, असे. या दोहोंमधील दुवा मात्र बराचसा उपेक्षित राहिला आहे. मायक्रोप्रोसेसर दोन मिलिसेकंदांचा आदेश देतो. परंतु इंजेक्टर दोन मिलिसेकंदच उघडा राहतो असे नाही. कॉइलमधील विद्युतप्रवाह वाढण्यास वेळ लागतो, पुरेसे चुंबकबल निर्माण झाल्यावरच झडप उचलली जाते आणि बॅटरीचा दाब उतरला की हा विलंब आणखी वाढतो. आदेश आणि प्रत्यक्ष फवारा यांतील अंतर कमी करण्याचा व उरलेले अंतर मोजण्याचा प्रयत्न, या दृष्टीने चालक परिपथांच्या इतिहासाकडे पाहणे उचित ठरेल.

आरंभीचे प्रयत्न

अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने 1957 मध्ये ‘इलेक्ट्रोजेक्टर’ ही विद्युतनियंत्रित प्रणाली जाहीर केली. 1958 मध्ये क्रायसलर समूहाच्या मोजक्याच गाड्यांवर ती बसली आणि त्यांपैकी बहुतेकांवर पुढे कार्ब्युरेटर चढवावे लागले. कल्पना योग्य होती. तत्कालीन इलेक्ट्रॉनिक घटक इंजिनाशेजारची उष्णता सोसण्यास समर्थ नव्हते. या प्रणालीची पेटंटे जर्मनीतील बॉश कंपनीकडे गेली आणि 1967 मध्ये फोक्सवागन 1600 या गाडीवर ‘डी-जेट्रॉनिक’ अवतरली. कॅलिफोर्नियातील धूरनियंत्रणाचे कडक होत जाणारे नियम हे तिच्यामागील मोठे निमित्त होते.

डी-जेट्रॉनिकचा इंजेक्टर सुमारे 2.4 ओहम रोधाचा होता. कमी वेढ्यांची कॉइल घेतली की इंडक्टन्स कमी होतो व प्रवाह लवकर चढतो. परंतु अंतिम प्रवाह आवाक्याबाहेर जाऊ नये म्हणून प्रत्येक इंजेक्टरला सुमारे 6 ओहमचा रोध एकसरीत जोडावा लागे. बारा व्होल्टांवर प्रवाह 1.4 अँपिअरच्या आसपास स्थिरावे आणि त्या रोधात बारा वॅटच्या घरात शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाई. उपाय साधा व टिकाऊ होता. मात्र त्यात प्रवाह मोजला जात नव्हता. तो गृहीत धरलेला होता.

प्रवाहमापनाचा प्रवेश

झडप उघडण्यास लागणारा प्रवाह ती उघडी ठेवण्यास लागणाऱ्या प्रवाहाच्या कित्येक पट असतो. या वस्तुस्थितीचा लाभ घेणारे परिपथ 1980 च्या दशकात रुळले. नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीची एलएम 1949 ही चिप त्याचे ठळक उदाहरण होय. इंजेक्टरच्या मार्गात 0.1 ओहमचा रोध ठेवून त्यावरील दाब ती सतत पाही. प्रवाह सुमारे 4 अँपिअरपर्यंत चढला की त्याला सुमारे 1 अँपिअरवर आणून धरून ठेवी. येथे प्रथमच परिपथ घड्याळाऐवजी कॉइलला विचारून निर्णय घेऊ लागला. ‘शिखर आणि धारण’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत पुढील सर्व विकासाचा पाया ठरली.

वर्धित विद्युतदाब

खरी कसोटी डिझेलने पाहिली. जपानमध्ये डेन्सो कंपनीची कॉमन रेल प्रणाली 1995 मध्ये हिनोच्या मालमोटारीवर आली. इटलीत फियाट समूहात विकसित झालेली प्रणाली 1994 मध्ये बॉशकडे गेली व 1997 मध्ये आल्फा रोमिओ 156 मधून बाजारात उतरली. 1350 बार दाबाखालील इंधन अचूक क्षणी सोडायचे, तर झडपेची हालचाल मायक्रोसेकंदांत मोजावी लागते. 150 मायक्रोहेन्रीच्या कॉइलमध्ये 20 अँपिअर प्रवाह निर्माण करावयाचा आहे, असे समजू. रोध दुर्लक्षिला तरी 12 व्होल्टांवर त्यास 250 मायक्रोसेकंद लागतात. 80 व्होल्टांवर केवळ 37.5. म्हणूनच बॅटरीचा दाब वाढवून तो कपॅसिटरमध्ये साठविणारा परिपथ नियंत्रकात समाविष्ट झाला.

तथापि दाब वाढविणे सोपे, तो टिकविणे अवघड. वरील उदाहरणात प्रत्येक उघडण्यास किमान 0.03 जूल ऊर्जा लागते. 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 80 व्होल्टांवर 0.32 जूल साठवितो. म्हणजे एका फवाऱ्यानंतर दाब सुमारे 76 व व मध्ये भरणा झाला नाही तर दुसऱ्यानंतर 72 व्होल्टांवर येतो. आवाज कमी करण्यासाठी मुख्य फवाऱ्यापूर्वी अल्पसा पूर्व-फवारा देण्याची प्रथा कॉमन रेलनेच रूढ केली आणि ही अडचणही तिनेच तीव्र केली. पहिला फवारा कपॅसिटर रिता करतो, त्याचा दंड दुसऱ्यास भरावा लागतो. झडप उशिरा उघडते, मात्रा चुकते, धूर वाढतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 4000 फेरे घेत असेल व प्रत्येक ज्वलनास तीन फवारे असतील, तर सेकंदाला 400 फवारे होतात. आदर्श स्थितीतही 12 वॅट शक्तीचा अखंड भरणा आवश्यक ठरतो. प्रत्यक्षातील गरज याहून बरीच अधिक असते.

यावरील उपायात काटकसरीचा एक सुंदर नमुना आढळतो. इंजेक्टर बंद करताना कॉइलमधील ऊर्जा डायोडवाटे पुन्हा कपॅसिटरमध्ये वळविली जाते. त्यामुळे झडप लवकर मिटते आणि ऊर्जेचा काही अंशही परत मिळतो.

येथेच वर्धित दाब आणि प्रवाहमापन हे वेगळे विषय उरत नाहीत. अर्ध्या ओहमहून कमी रोधाच्या कॉइलला 80 व्होल्ट सतत जोडून ठेवणे म्हणजे ती जाळणेच होय. प्रवाह शिखरास पोहोचताच दाब तोडला पाहिजे. स्वतः दाबवर्धकही आपल्या कॉइलमधील प्रवाह दोन मर्यादांत मोजूनच चालतो. मात्र जुना 0.1 ओहमचा रोध 20 अँपिअरला क्षणभर 40 वॅट खातो. म्हणून तो 10 मिलिओहमपर्यंत उतरवावा लागला. तेव्हा हाती येणारा संकेत जेमतेम 0.2 व्होल्टांचा, आणि तोही विद्युतगोंगाटातून वेचून घ्यावयाचा.

पेट्रोलच्या थेट अंतःक्षेपणाने, ज्याचा आधुनिक आरंभ मित्सुबिशीने 1996 मध्ये केला, हीच रचना स्वीकारली; तेथे सुमारे 65 व्होल्टांचा वर्धित दाब प्रचलित झाला. पुढे फ्रीस्केलच्या एमसी 33816 सारख्या चिपमध्ये दाबवर्धन, मापन आणि प्रवाहाचा आलेख हे सर्व प्रोग्रॅमद्वारे ठरविण्याची सोय झाली. बंद होताना झडप बैठकीवर आदळते त्या क्षणी कॉइलच्या दाबात उमटणारा सूक्ष्म बदल ओळखून प्रत्यक्ष मिटण्याची वेळही आता मोजली जाते.

भारतात 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानके लागू झाली आणि पुणे-चाकण परिसरात तयार होणाऱ्या दुचाकींसह देशातील बहुतेक दुचाकींवर इंजेक्टर आला. हा इंजेक्टर मात्र अंतर्ग्रहण मार्गात, सुमारे तीन बार दाबाखाली फवारतो. त्याची कॉइल अधिक रोधाची असते, ती थेट बॅटरीवर चालते आणि तिला एक ट्रान्झिस्टर पुरतो. वर्धित दाबाची तेथे गरज नाही. बॅटरी उतरल्यास उघडण्यास होणारा विलंब नियंत्रकातील तक्त्यावरून भरून काढला जातो. म्हणजे डी-जेट्रॉनिकप्रमाणेच कॉइलमधील प्रवाह आजही तेथे गृहीत धरलेला असतो.